जुने प्रेम आणि विनोदाचे वळण : नाट्यपरंपरेपासून दूरचित्रवाणी मालिकेपर्यंत

मराठी दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांमध्ये एक प्रसंग वेगवेगळ्या वेशांत पुन्हा पुन्हा भेटतो. संसार सुरळीत चाललेला असतो किंवा दोघांचे नाते नुकते कुठे जुळू लागलेले असते, आणि अशा वेळी त्यांतील एकाच्या पूर्वायुष्यातील प्रेमाची व्यक्ती दारात येऊन उभी राहते. मग घरात कुजबुज सुरू होते, लपवाछपवीतून गोंधळ माजतो आणि भाग संपता संपता मूळ नात्याची दिशा बदललेली असते. या प्रसंगाची मुळे कुठे आहेत, मराठी मालिकांनी त्याचे काय केले, आणि गोंदिया शहरालगतच्या नागरा गावातील प्रेक्षकाला तो परका का वाटत नाही, या तीन प्रश्नांचा आढावा येथे घ्यावयाचा आहे.

आढाव्यासाठी दोन संज्ञा आधी स्पष्ट केलेल्या बऱ्या. पूर्वीच्या प्रेमसंबंधातून कथेत पुन्हा अवतरणाऱ्या व्यक्तीला येथे ‘परतीचे पात्र’ म्हटले आहे, तर ज्या क्षणानंतर दोन व्यक्तींना आपले नाते पहिल्यासारखे चालवता येत नाही, त्या क्षणाला ‘वळण’ म्हटले आहे. ही दोन्ही एकच समजण्याची चूक सहज होते, कारण परतीचे पात्र आले की वळण आले असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात चांगल्या विनोदी कलाकृतीत या दोहोंमध्ये बरेच अंतर असते आणि ते तीन गोष्टींनी भरले जाते : भूतकाळ जागा करणारी एखादी वस्तू, त्या भूतकाळाचा किंवा आजच्या नात्याचा एखादा साक्षीदार, आणि अखेरीस उघडपणे दिलेली कबुली. जुने प्रेम परत येते ते तुटलेले जोडण्यासाठी क्वचितच; बहुतेक वेळा समोर असलेल्या, पण मुके झालेल्या नात्याला बोलते करण्यासाठी ते येते. हे बोलते होणे जेथे खरोखर घडते तेथे विनोद सार्थ ठरतो, आणि जेथे ते टाळले जाते तेथे केवळ गोंधळ उरतो.

नाट्यपरंपरेतील मुळे

शृंगार आणि हास्य यांचे नाते भारतीय नाट्यविचारात फार जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाची उत्पत्ती शृंगारातूनच सांगितली आहे. शृंगाराचे दोन प्रकार मानले जातात : प्रियजनांच्या भेटीचा तो संभोग आणि विरहाचा तो विप्रलंभ. जुन्या प्रेमाची कथा विप्रलंभाच्या प्रदेशात घडते. मात्र तिच्यात विनोद शिरला की विरह सोसण्याऐवजी तो लपवण्याची धडपड केंद्रस्थानी येते.

कालिदासाच्या शाकुंतलात या धडपडीचे एक मार्मिक उदाहरण सापडते. दुसऱ्या अंकात दुष्यंत आपला मित्र असलेल्या विदूषकाजवळ शकुंतलेविषयीची ओढ बोलून दाखवतो. पण त्याला राजधानीकडे परत पाठवताना हा बोलघेवडा ब्राह्मण अंतःपुरात सगळे सांगून बसेल या भीतीने, ते सारे थट्टेत बोललो होतो, खरे मानू नकोस, असे त्याला बजावतो. पुढे शापामुळे राजा शकुंतलेला विसरतो, अंगठी सापडल्यावर सहाव्या अंकात त्याला सारे आठवते, आणि तू तरी मला आठवण का दिली नाहीस, असे तो विदूषकाला विचारतो. तेव्हा विदूषकाचे उत्तर सरळ असते : ती थट्टा आहे असे तुम्हीच सांगितले होते आणि ते खरे मानले. येथे अंगठी ही वस्तू आहे, विदूषक हा साक्षीदार आहे, आणि थट्टेच्या आवरणाखाली प्रेम लपवल्यामुळे तो साक्षीदार निकामी झालेला आहे. आजच्या मालिकांमधील असंख्य गैरसमजांचा साचा या छोट्या संवादात तयार दिसतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणून मराठी संगीत नाटकाचा पाया याच कथेवर घातला, ही गोष्ट म्हणूनच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

याच्या नेमकी उलट बाजू भवभूतीत दिसते, आणि तिचा संबंध थेट गोंदिया जिल्ह्याशी येतो. भवभूतीने आपल्या पूर्वजांचे नगर म्हणून ज्या पद्मपुराचा उल्लेख केला आहे, ते आमगावजवळचे पद्मपूर असल्याचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनी मानले आहे. आमगावातील महाविद्यालयालाही भवभूतीचेच नाव आहे. त्याच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहतात, त्या चित्रांमुळे सीतेला पुन्हा वनात जाण्याची इच्छा होते आणि तीच इच्छा तिच्या त्यागाचे निमित्त ठरते. तिसऱ्या अंकात अदृश्य राहिलेली सीता रामाचा शोक ऐकते, आणि सातव्या अंकात प्रजाजनांसमोर नाटकातले नाटक घडून पुनर्मीलन होते. म्हणजे वस्तू आहे, साक्षीदार आहेत आणि जाहीर कबुलीही आहे. नाही तो विदूषक. भवभूतीने आपल्या नाटकांत विदूषकाला जागा दिली नाही, आणि त्यामुळे पहिल्या अंकातील चित्रांपासून सातव्या अंकातील कबुलीपर्यंतचे बारा वर्षांचे अंतर शोकानेच पार करावे लागते. विनोद हे अंतर कमी करतो आणि सुसह्यही करतो. जुन्या प्रेमाच्या कथेत त्याचे खरे काम हेच आहे.

मराठी रंगभूमीवर हे काम सर्वांत रेखीवपणे पार पाडले ते गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत संशयकल्लोळ’ने. १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेले हे नाटक मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनापासून इंग्रजी रूपांतरामार्गे मराठीत आले. त्यातील सारा घोळ एका तसबिरीभोवती फिरतो. रेवतीजवळ असलेली अश्विनशेटची तसबीर रस्त्यात पडते, ती फाल्गुनरावाची पत्नी कृत्तिका हिच्या हाती लागते, आणि पत्नी परपुरुषाचे चित्र निरखीत असल्याचे पाहून फाल्गुनरावाचा संशय पेट घेतो. इकडे मूर्च्छित रेवतीला सावरणाऱ्या नवऱ्याविषयी कृत्तिकेच्या मनातही तसाच संशय उभा राहतो. येथे खरे परतीचे पात्र कोणीच नाही, आहे ती केवळ त्याची छाया. परंतु ती छाया दोन्ही नात्यांतील अविश्वास बाहेर काढते आणि चौघांनाही एकमेकांसमोर उभे राहून खुलासे करावे लागतात. देवलांचे मोठेपण असे, की संशयाचा दोष त्यांनी नवरा आणि बायको या दोघांना समसमान वाटून दिला. नंतरच्या पुष्कळ विनोदी लेखनात हा तोल राहिलेला नाही.

झाडीपट्टीचा प्रेक्षक

नागरा हे गाव त्याच्या प्राचीन शिवमंदिरासाठी आणि महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी परिसरात ओळखले जाते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन्ही राज्यांना लागून असलेल्या या जिल्ह्यात मराठीच्या जोडीने हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगढी कानावर पडतात. येथील प्रेक्षक एकाच घरात मराठी मालिका आणि हिंदी मालिका सारख्याच सहजतेने पाहतो. पण त्याची नाटक पाहण्याची नजर घडली आहे ती झाडीपट्टीच्या रंगभूमीवर.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धान पिकवणाऱ्या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईपासून होळीच्या आसपासपर्यंत येथे नाटकांचा हंगाम चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे नाटक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र असून रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. झाडीपट्टीतील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष नव्याने वळले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या नाटकांची रचना महत्त्वाची आहे. मुख्य कथेत ताटातूट, फसवणूक, जबरदस्तीचे लग्न, वर्षांनंतरची भेट असे भावनेने भारलेले प्रसंग असतात, तर त्याच रात्री, त्याच मंचावर, विनोदी पात्रांचे एक समांतर कथानक चालू राहते आणि मुख्य कथेतील दुःखावर आपल्या भाषेत बोलत राहते. नायिकेच्या अश्रूंनंतर लगेच विनोदी जोडीचा प्रवेश आला तरी प्रेक्षकाचा रसभंग होत नाही, कारण दुःख आणि हसू एकमेकांचा अपमान करीत नाहीत हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. खडी गंमत या प्रकारात उभ्याने सादर होणारी शाहिरी, ढोलकी, प्रश्नोत्तरे आणि स्त्रीवेशातील नाच्या यांचा मेळ असतो, तर दंडारीत नृत्य आणि सोंग एकत्र नांदतात. या दोन्हींमध्ये प्रेमाची थट्टा भरपूर असते, पण ती भर गावासमोर होते आणि गाव तिचे साक्षीदार असते. भागाच्या अखेरीस सर्वांसमोर सत्य बाहेर येणे ही मालिकांची रीत नागऱ्यातील प्रेक्षकाला शहरी वाटत नाही, याचे कारण येथे सापडते.

आठवड्याचा भाग आणि रोजचा भाग

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सत्तरच्या दशकात त्यावरून प्रक्षेपित झालेली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ ही चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेली मालिका दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्यामुळे घरोघरी पोहोचली. तिच्यातील विनोद कुटुंब, नातलग आणि मध्यमवर्गीय फजिती यांचा होता. ठरवून झालेल्या लग्नाच्या त्या जगात पूर्वीच्या प्रेमाला फारसा वाव नव्हता. १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आल्यावर चित्र बदलू लागले. २००१ मध्ये सुरू झालेली, केदार शिंदे दिग्दर्शित ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या लेखनावर बेतलेली होती. आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशा तीन पिढ्यांचे घर आणि आजोबांची रोजनिशी हा तिचा आधार होता. रोजनिशी ठेवणारा आजोबा म्हणजे घरातच बसलेला साक्षीदार. तरुणांच्या ओढीकडे तो आपल्या गतकाळाच्या अनुभवातून पाहतो, आणि म्हणून त्याच्या हसण्यात कुत्सितपणा नसतो.

साप्ताहिक मालिकेचा एक भाग साधारणपणे एका प्रसंगापुरता स्वयंपूर्ण असे. त्यामुळे कोणी परत आले तर त्याच भागात वस्तू सापडायची, गोंधळ व्हायचा आणि कबुलीही व्हायची. या बंधनामुळे लेखकाला काटकसर करावी लागे आणि काटकसरीने विनोद धारदार होई. दैनंदिन मालिकांनी हे गणित उलटे केले. रोज शेवटी उत्सुकता ताणायची असल्याने साक्षीदाराला सत्य कळूनही तो गप्प राहतो, कबुली ओठांपर्यंत येऊन अडते, आणि शाकुंतलातील विदूषकाचे मौन काही अंकांपुरते होते ते येथे महिनोन्‌महिने लांबते.

तरीही दैनंदिन रचनेतून काही मालिकांनी मार्ग काढला. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये झी मराठीवर आली. मुक्ता बर्वेची राधा आणि स्वप्नील जोशीचा घनश्याम आपापल्या सोयीसाठी समजुतीचे लग्न करतात आणि पुढे खरोखर एकमेकांच्या प्रेमात पडतात. येथे वळण प्रेम जुळण्याचे नसून, खोटे समजून केलेले लग्न खरे झाले आहे हे घरच्यांसमोर मान्य करण्याचे आहे; घरातील वडीलधारी, काका-काकू, आत्या हे सारे त्या कबुलीची वाट पाहणारे साक्षीदार होतात. याच दिग्दर्शकाने मोठ्या पडद्यावर परतीच्या पात्राला मध्यवर्ती स्थान दिले. ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ (२०१५) मध्ये लग्न ठरल्यावर गौरीचा पूर्वीचा प्रियकर परततो, तर २०१७ च्या आरंभी प्रदर्शित झालेल्या ‘ती सध्या काय करते’ या चित्रपटाचे नावच जुन्या प्रेमाविषयीच्या कुतूहलाचा परवलीचा शब्द बनले आणि समाजमाध्यमांवर त्यावरील विनोदांचा पूर आला. या दोन्ही चित्रपटांत परतणारी व्यक्ती वर्तमान जोडीदाराशी होणाऱ्या संवादाचे निमित्त ठरते, हे विशेष.

मित्रांचे घर

मार्च २०१५ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘दिल दोस्ती दुनियादारी’ने साक्षीदारांचा घाट बदलला. मुंबईतील एका घरात राहणारे सहा तरुण, त्या घराला दिलेले ‘माजघर’ हे नाव, आणि लग्न होऊन आलेल्या रेश्माला नवऱ्याचे दुसरे नाते कळल्यावर या मित्रांनी तिला दिलेला आसरा, या पायावर मालिका उभी होती. सासर आणि माहेर या दोन साक्षीदारांच्या जागी येथे मित्र आले. अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर आणि पूजा ठोंबरे यांच्या अभिनयाने ही सहा पात्रे महाराष्ट्रभरातील महाविद्यालयीन प्रेक्षकांना आपली वाटली.

मित्रांच्या घराचा हा साचा ज्या अमेरिकी मालिकेमुळे जगभर रूढ झाला, त्या ‘फ्रेंड्स’मधील (१९९४ ते २००४) दोन भाग येथे तपासून पाहण्यासारखे आहेत. १९९६ च्या एका भागात रॉसवर रागावलेली रेचेल मित्रांसोबत शाळेच्या निरोप-नृत्याच्या रात्रीची जुनी चित्रफीत पाहते. तिचा जोडीदार आलेला नाही असे समजून रॉस घाईघाईने तयार होऊन तिला घेऊन जायला निघतो, तेवढ्यात खरा जोडीदार येतो आणि हातात फुले घेतलेला रॉस मागे राहतो, एवढेच त्या चित्रफितीत आहे. रेचेलला हे त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. ती उठते, खोली ओलांडते आणि सर्वांसमोर त्याला जवळ घेते. शाकुंतलातील अंगठी आणि संशयकल्लोळातील तसबीर यांचेच काम येथे चित्रफीत करते. दुसरा भाग सहाव्या पर्वाच्या अखेरीचा, मे २००० मधला आहे. चँडलर मोनिकाला लग्नाची मागणी घालणार त्याच उपाहारगृहात तिचा पूर्वीचा प्रियकर रिचर्ड येऊन बसतो, बेत फसतो, आपला विचार तिला कळू नये म्हणून चँडलर लग्नाविषयी अनास्थेचे सोंग करतो आणि तेच त्याच्यावर उलटते, कारण रिचर्ड तिला भेटून लग्नाची तयारी दाखवतो. रिचर्ड लबाड नाही, हास्यास्पदही नाही. तो सभ्य, प्रेमळ आणि खरा पर्याय आहे, आणि म्हणूनच अखेरीस मोनिकाने चँडलरची केलेली निवड तिची स्वतःची निवड ठरते. परतीच्या पात्राला प्रतिष्ठा दिली की वळणालाही वजन येते, हा या भागाचा धडा होय.

विदर्भाची राधिका

दूरचित्रवाणीची प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेने २०१५ मध्ये ग्रामीण प्रेक्षकांचाही समावेश मोजणीत केला. त्यानंतरच्या काळात मुंबई-पुण्याबाहेरच्या बोली आणि नायक-नायिका मराठी मालिकांत ठळक होत गेल्या. यामागे इतरही कारणे असतील. पण गावातील घर मोजले जाऊ लागणे आणि गावाकडची भाषा पडद्यावर येणे यांचा काळ जुळतो, हे दुर्लक्षिण्यासारखे नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील अनिता दाते यांनी साकारलेली राधिका नागपूरकडची आहे, तिच्या बोलण्याला वैदर्भी वळण आहे, आणि तिच्या नवऱ्याला हीच गोष्ट गावंढळ वाटते. नवऱ्याच्या विवाहबाह्य संबंधाभोवती सुरू झालेल्या या मालिकेत हलका विनोद शेवटपर्यंत राहिला, पण तिचा प्रस्तुत विषयाशी असलेला संबंध सौमित्रमुळे येतो. राधिकेवर पूर्वीपासून जीव असलेला हा मित्र तिच्या आयुष्यात परततो आणि २०२० मध्ये त्या दोघांचे लग्न मालिकेत दाखवले जाते.

येथे जुने प्रेम वर्तमान नात्याला बोलते करून निघून जात नाही. तेच नवे नाते बनते. मुलगा असलेल्या, स्वतःचा मसाल्याचा व्यवसाय उभा केलेल्या, लग्न मोडलेल्या स्त्रीने पुन्हा लग्न करणे आणि घरच्यांनी आनंदाने त्यात सहभागी होणे, हे लोकप्रिय मालिकेत दिसले ही मोलाची गोष्ट आहे. मालिका ताणली गेली, काही वळणे अनावश्यक होती, ही टीका रास्तच आहे. परंतु परतीच्या पात्राला सन्मानाने घरात घेण्याचे धैर्य तिने दाखवले, त्याचे श्रेय तिला द्यायला हवे.

प्रहसनांची मर्यादा

‘फू बाई फू’, २०१४ मध्ये सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ नंतरची सोनी मराठीवरील ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी काही मिनिटांच्या प्रहसनाला, म्हणजे स्किटला, मध्यवर्ती केले. शाळेचे स्नेहसंमेलन, दुसऱ्याच्या लग्नाचा मांडव, दवाखान्याची प्रतीक्षाखोली अशा ठिकाणी अवचित समोर येणारी जुनी मैत्रीण हा या प्रहसनांचा आवडता आरंभ. वेळ थोडा असल्याने तीन घटकांपैकी वस्तू आणि साक्षीदार टिकतात, कबुली मात्र गळते. बायकोचा संशय हाच हशाचा आधार होतो आणि देवलांनी दोघांत वाटलेला दोष एकटीच्या पदरात पडतो. जुनी प्रेयसी स्त्रीवेशातील पुरुष नटाने साकारली की तिच्या रूपावरच हसे होते, आणि मग तिच्यावर कोणी कधी मनापासून प्रेम केले होते ही शक्यताच पुसली जाते. खडी गंमतीतील नाच्याला गाणे आणि नाच यांची प्रतिष्ठा होती. त्याच्या वाट्याला केवळ रूपाची चेष्टा नसे. हा फरक प्रहसनलेखकांनी मनावर घेण्याजोगा आहे.

तरीही या कार्यक्रमांतून एक वेगळी शक्यता दिसली. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये सागर कारंडे यांचा पोस्टमन हास्याच्या मध्यभागी अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचून दाखवी, तेव्हा मघापर्यंत हसणारा प्रेक्षक गंभीर होऊन ऐकत असे. हास्याच्या कार्यक्रमात कबुलीला जागा असते आणि प्रेक्षक तिला तयार असतो, हे या पत्रांनी सिद्ध केले. झाडीपट्टीच्या रात्रभराच्या नाटकात हेच सतत घडत आलेले आहे.

निष्कर्ष

या आढाव्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. जुन्या प्रेमाच्या परतण्याने निर्माण होणारा विनोद बाहेरून उसना आणलेला नाही. विदूषकाची थट्टा, देवलांची तसबीर आणि झाडीपट्टीची विनोदी जोडी ही त्याची घरचीच मुळे आहेत. दुसरे असे, की भागाची लांबी आणि प्रक्षेपणाची रीत हे बाह्य तपशील नसून वळण कसे घडेल हे बऱ्याच अंशी त्यांवरच ठरते. म्हणून दैनंदिन मालिका लिहिणाऱ्याने कबुली लांबवण्यापेक्षा कबुलीनंतरचे आयुष्य दाखवावे, तेथे विनोदाला अधिक मोठे क्षेत्र आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. परत येणाऱ्या माणसाला स्वतःचे मन आणि स्वतःचे आयुष्य दिले, तरच त्याच्यामुळे घडणारे वळण प्रेक्षकाला पटते. नागऱ्यातील प्रेक्षकाला एकाच रात्री रडण्याची आणि हसण्याची सवय आहे. त्याला गृहीत धरून सोपे हसे लिहिणे हा त्याच्या रसिकतेवर अन्याय आहे, आणि मराठी मालिकेला पुढे जायचे असेल तर तिने या रसिकतेवर भरवसा ठेवण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.